वजनाचं दुसरं ऑपरेशन झाल्यावरचं खाणंपिणं, घरच्यांना समजेल असं

वजन कमी करायचं ऑपरेशन एकदा झालं तरी काही जणांना दुसऱ्यांदा करावं लागते, डॉक्टर लोक त्याला रिव्हिजन म्हणतात, अन् गावात ही बातमी पसरली की पहिला प्रश्न ठरलेला, "एकदा पोट कापलं तरी तोंड आवरलं नाही का?" माझ्या मोठ्या जाऊबाईंना हा प्रश्न एसटीत, लग्नात, चक्कीवर दळण घेऊन गेल्यावर, सगळीकडे ऐकावा लागला. त्यांचं आधी स्लीव्ह झालं, काही वर्षांनी पोटाचा बायपास झाला, दोन्ही नागपूरला. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, एकत्र कुटुंब, स्वयंपाक एकच, म्हणून डायटिशियनपुढे वही घेऊन त्यांच्यासोबत मीच बसत होते. तिथं जे समजलं अन् नंतर घरात जे दिसलं ते लिहून राहिले. अन् हे पेशंटपेक्षा घरच्यांसाठी जास्त आहे, कारण दुसऱ्या ऑपरेशननंतर एकट्या माणसानं खायची पद्धत बदलून भागत नाही, वाढणाऱ्याचा हात पण बदलावा लागते.

आधी पोटात काय केलेलं असते ते पाहू. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात, उरते ती एक अरुंद लांबट नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागात बनते, म्हणून सुरवातीचे काही महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात अन् लहान आतडं कापून त्याचा पुढचा भाग त्या पिशवीला जोडतात. पाटाचं पाणी जवळचे वाफे सोडून एकदम पुढच्या वाफ्यात वळवावं तसं, अन्न मोठं जठर अन् आतड्याचा पहिला तुकडा टाळून पुढं जाते. अन् त्या टाळलेल्या तुकड्यातच लोह, कॅल्शियम जास्त शोषलं जाते, म्हणून जन्मभराच्या गोळ्या. आमच्या सासूबाईंना वाटत होतं की हे काहीतरी नवीन निघालेलं खूळ आहे, पण गॅस्ट्रिक बायपास १९६६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी सुरू केला, म्हणजे पद्धत जुनी आहे, फक्त आता ती दुर्बिणीतून होते.

मग दुसऱ्यांदा काहून लागते? कारणं दोन-तीन आहेत अन् सगळी खाण्यावर ढकलता येत नाहीत. स्लीव्ह झालेल्या काही जणांना ॲसिडिटी इतकी वाढते की रात्री आडवं होता येत नाही, आंबट पाणी घशापर्यंत येते, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर अन्ननलिकेचं अस्तर खराब होते, अशा वेळी स्लीव्हचा बायपास करतात अन् बहुतेकांना आराम पडतो. जाऊबाईंचं मुख्य दुखणं हेच होतं, वजन त्याच्या मागून वाढलं, कारण जळजळ शमावी म्हणून त्या थोड्या थोड्या वेळानं दूध-बिस्कीट खात होत्या. काहींना आधी पोटावर पट्टा बसवलेला असतो, तो सरकतो किंवा जठरात रुतते, काढावाच लागते. अन् काहींचं वजन खरंच परत वाढते. त्याच्यात खाण्याचा भाग असतो, नाही असं नाही, पण नळी हळूहळू सैल होते, भुकेची हार्मोनं परत जोर धरतात, वजन उतरलं की शरीर कमी ऊर्जेत काम भागवायला शिकते. हे सगळं शरीर आपापलं करते, त्याला हावरटपणा म्हणू नका. म्हणूनच चांगला सर्जन डायरेक्ट ऑपरेशन लिहीत नाही, एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आत पाहतो, औषध पाजून एक्सरे काढतो, खाण्याची डायरी मागतो, अन् फक्त वजनाचाच प्रश्न असेल तर आताची वजन कमी करायची इंजेक्शनं आधी देऊन पाहायची का याचा पण विचार होतो.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते हे घरच्यांनी आधीच ऐकून ठेवावं. आत जुने टाके असतात, आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, त्यामुळे जोड लीक व्हायचा किंवा इन्फेक्शनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. अन् वजन साधारणपणे पहिल्या वेळेइतकं झपाट्यानं उतरत नाही. शेजारच्या कोणाचं पहिल्याच ऑपरेशनमध्ये ४० किलो उतरलं म्हणून दुसऱ्यांदावाल्याची त्याच्याशी बरोबरी करू नका, तो माणूस रोज काट्यावर उभा राहून आधीच खचून राहिलेला असतो.

आता खाणं. घरी आल्यावर पायरी पायरीनंच चढायचं, अन् प्रत्येक डॉक्टरचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपल्या डॉक्टरचाच धरायचा. ढोबळमानानं पहिले एक-दोन दिवस नुसतं पातळ पाणी, वरणाचं वरचं गाळलेलं पाणी, त्यानंतर साधारण दोन आठवडे दूध, ताक, पातळ सूप, प्रोटीन पावडर असं द्रव, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, अन् सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं. दुसऱ्या वेळी खरी अडचण अशी असते की पेशंटला वाटते मला हे सगळं माहीत आहे, मागच्या वेळी तर तिसऱ्या आठवड्यात खिचडी पचली होती. पचली असेल, पण आता जोड नवीन आहे अन् जुन्या व्रणांवर आहे, तो भरायला त्याचा वेळ घेणारच. इथं घाई नको म्हणजे नकोच.

नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर मापाला एक छोटी वाटी ठरवून टाका. आमच्या घरी बाळाच्या खिरीची जुनी स्टीलची वाटी होती, साधारण १०० मिलीची, तीच. जेवायला २० ते ३० मिनिटं, घास करंगळीच्या नखाएवढा, अन् तो तोंडात पार पातळ होईपर्यंत चावायचा. खाण्याचा क्रम पण ठरलेला, आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकर. आपल्याकडे सगळं उलटं चालते, अर्धी भाकर ठेच्यासोबतच संपते अन् वरण शेवटी भातावर, तर ते इथं चालत नाही.

दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे, काहींना ८० पर्यंत सांगतात. ऐकायला कमी वाटते पण एवढ्याशा वाटीत ते बसवायचं म्हणजे कसरत आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ च्या वर. भाकरीत तीन-चारच. अन् सोयाबीनच्या वड्या, ज्या आपल्याकडं किराण्यात लटकलेल्या असतात, त्या कोरड्या ३० ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रॅम देतात, मला याचं लय आश्चर्य वाटलं, पोत्यानं सोयाबीन पिकवून मार्केटमध्ये टाकणारे आपण अन् घरात खायला नाही. वड्या उकडून, पिळून, मिक्सरमधून बारीक करून कांदा-टमाटर अन् सांभार म्हणजे कोथिंबीर घालून खिम्यासारख्या केल्या तर छान उतरतात. आपलं चून म्हणजे पिठलं पण लय कामाचं आहे, बेसनात प्रोटीन चांगलं असते, फक्त पातळसर करायचं, तेल मिरची कमी. पातोडीचा रस्सा पण चालतो, पातोडी मऊ अन् तर्री बाजूला. भाकर ताजी अन् वरणात पूर्ण कुस्करून घेतली तर बऱ्याच जणांना उतरते, मैद्याचा पाव, मऊ पोळी अन् चिकट भात मात्र गोळा होऊन बसतो. पहिले काही महिने बाजारची प्रोटीन पावडर लागतेच, तिला नाक मुरडू नका.

अडकणे काय असते ते एकदा पाहिलं की विसरत नाही. जाऊबाई कापूस वेचून आल्या होत्या, भूक लागली होती, उभ्या उभ्याच कोरड्या भाकरीचा तुकडा चटणीसोबत खाल्ला. दुसऱ्या घासाला थांबल्या, हात छातीच्या मधोमध, डोळ्यात पाणी, तोंडात फेसासारखी लाळ यायला लागली अन् ती गिळता येईना. सासूबाई ओरडल्या, पाणी द्या पाणी द्या, सगळे तांब्या घेऊन धावले. तर तेच करायचं नसते, खाली रस्ता बंद आहे, वरून पाणी टाकलं तर दुखणं वाढते अन् उलटी होते. खाणं ताबडतोब थांबवायचं, सरळ बसायचं किंवा हळू फिरायचं, लाळ गिळायची नाही, थुंकून टाकायची, बहुतेक वेळा थोड्या वेळात मोकळं होते. त्या दिवशी पुढं पातळच घ्यायचं. पण असं वारंवार व्हायला लागलं, किंवा पाण्याचा घोट पण उतरेना, तर जोड आखडलेला असू शकते, सर्जनकडे न्यायचं, एंडोस्कोपीतून तो रुंद करता येतो.

जेवताना पाणी नाही, अन् जेवल्यावर पण अर्धा तास नाही. मग पाणी प्यायचं कधी हा विदर्भातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, अन् नागपूरच्या एसी केबिनमध्ये बसून सांगितलेलं दीड ते दोन लिटर मे महिन्यात वावरात कसं पोटात जाईल हे कोणी सांगत नाही. आपण तहान लागली की तांब्या उचलून घटाघटा पितो, या माणसाला ते जमतच नाही, तीन-चार घोटाला पोट तट्ट. ४५ डिग्रीत सकाळपासून काम केलं अन् पाणी राहिलं तर दुपारी चक्कर ठरलेली, शरीरातलं पाणी कमी होऊन परत ॲडमिट व्हायचं हे या ऑपरेशननंतरचं नेहमीचं कारण आहे. आम्ही असं केलं की अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेननं चार रेघा मारल्या अन् दर दहा-पंधरा मिनिटाला दोन-तीन घोट, तहान लागो न लागो. वेचणी असो की निंदण, बाटली कमरेच्या ओटीत, धुऱ्यावर ठेवली की संपलं, कारण धुऱ्यापर्यंत कोणी येत नाही. पातळ मठ्ठा मीठ-जिरं घालून, लिंबू-मिठाचं पाणी बिनसाखरेचं, हे सगळं हिशोबात धरायचं. कोल्ड्रिंक नाही, गॅसचं काहीच नाही. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी आली तर वावरातून घरी आणा. अन् बीपीची गोळी, खास करून लघवी जास्त करवणारी, चालू असेल तर डोस कमी करायचा का हे डॉक्टरला विचारा, वजन उतरलं की बीपी पण उतरते अन् जुना डोस जड पडतो. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिनचं पण तसंच आहे.

गोडाचं वेगळं प्रकरण आहे. बायपासनंतर साखर पटकन आतड्यात उतरते, काहींना खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात मुरडा, धडधड, घाम, जुलाब, याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो, त्यात शरीर जास्तीचं इन्सुलिन सोडते अन् शुगर एकदम खाली जाते, हात थरथरतात, डोकं चालत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडं नेमकं हेच झालं. मामेसासूबाईंनी "एक घास माझ्या नावाचा" म्हणून अर्धी पुरणपोळी तुपासकट ताटात टाकली, देवीचा प्रसाद, नाही म्हणता येईना, अन् भांडी घासायच्या वेळेला जाऊबाई घामानं भिजून बाजेवर. अशा वेळी शुगर मोजा, कमी असेल तर थोडी साखर द्यावीच लागते, पण नुसत्या साखरेवर सोडायचं नाही, थोड्या वेळानं दूध, अंडं, दाणे असं काही द्या, नाहीतर परत तोच फेरा. प्रसादाला नखभर पुरण पुरते हो, देव काही मोजत नाही. आग्रह करणाऱ्याचं प्रेम खरं असते हे मला मान्य आहे, पण तेरवी, साक्षगंध, बारसं, पोळा, आपल्याकडं वर्षभर पंगती उठत असतात अन् प्रत्येक पंगतीत एक तरी जण वाढून टाकतोच, तेव्हा शेजारी बसलेल्या घरच्या माणसानं ताटावर हात आडवा धरावा, पेशंटला बोलायची पाळी येऊ देऊ नये.

वजन परत वाढवणारं खाणं मात्र जेवणात नसतेच. चिवडा, मुरमुरे, बिस्कीट, शेव, दिवसभराचा साखरेचा चहा, हे मऊ होऊन सरकत सरकत जाते, अडकत नाही, पोट भरत नाही, म्हणून कितीही खाता येते. अंडं अर्धं जात नाही अन् बिस्किटाचा पुडा संपतो, हे जाऊबाईंनीच मला दाखवून दिलं. त्यामुळे सकाळी चहात खारी-टोस्ट बुडवायचं आमच्या घरात सगळ्यांनीच सोडलं, एकट्या त्यांच्यापुढं बसून खाणं बरं दिसत नाही.

संत्र्याबद्दल खास सांगते, कारण आपल्याकडं मृगबहार निघाला की घरात क्रेट येऊन पडते. संत्र्याचा चोथा अन् पांढरे दोरे लहान पोटात साचून गोळा होऊ शकतात अन् रस्ता अडवू शकतात, डॉक्टरांनी वर्णन केलेल्या अडथळ्यांमध्ये हे चांगलंच माहितीतलं कारण आहे. तेव्हा फोड सोलून आतला गर बारीक चावून एक-दोन फोडी ठीक, चोथा थुंकून टाकायचा, अन् ग्लासभर रस नको, त्यात नुसती साखर पोटात जाते.

आता खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून करतात तो. हे मी हात जोडून लिहिते. बायपासनंतर पिशवी अन् आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकते, तंबाखू अन् बिडी-सिगारेट त्याला आमंत्रण आहे, अल्सर फुटला तर जीवावर बेतते. आपल्याकडं माणसं खर्रा घोटतात अन् बायका तंबाखूचं मंजन घासतात, ते पण त्यातच आलं, डॉक्टरनं "स्मोकिंग करता का" विचारलं की आपण नाही म्हणतो अन् मंजनाचं सांगतच नाही, तर सांगा. दारू पण आता पूर्वीसारखी राहत नाही, मोहाची असो की दुकानातली, थोडीशी पण झटकन रक्तात चढते अन् सवय लागायचा धोका वाढते.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. निंदण करून कंबर धरली की आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो किंवा गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतो, त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक असते. बायपासवाल्याला ही औषधं नकोत. पॅरासिटामॉल चालते, पण त्यात यातलं दुसरं औषध मिसळलेली मिक्स गोळी नाही ना हे पट्टीवर वाचून घ्या.

जन्मभराच्या गोळ्या म्हणजे मल्टिव्हिटामिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. मासिक पाळी चालू असलेल्या बायांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सांगतात, आपल्याकडं आधीच बायांचं रक्त कमी, त्यात बायपास, म्हणून हे टाळूच नका, गोळीनं नाहीच वाढलं तर शिरेतून देतात. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एकावेळी ५०० ते ६०० च, अन् सायट्रेट मागायचं, कारण कार्बोनेटला विरघळायला ॲसिड लागते अन् ते आता कमी आहे. लोह अन् कॅल्शियममध्ये कमीत कमी दोन तासांचं अंतर, अन् लोहाची गोळी चहासोबत नाही. बी-१२ गोळीनं नाही जमलं तर महिन्याला इंजेक्शन, ते गावातली सिस्टर पण देते. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, उशीवर झुबके दिसतात, बाया घाबरून जातात, वजन झपाट्यानं उतरलं की असं होतेच, प्रोटीन अन् लोह बरोबर असेल तर परत येतात. मूल पाहिजे असेल तर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, अन् वजन उतरल्यावर दिवस राहायची शक्यता वाढते, म्हणून थांबायचं असेल तर गर्भ न राहायचं साधन वापरावं लागते, हे सासू-सुनांमध्ये बोललं जात नाही पण बोलायला पाहिजे. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी तीन, सहा अन् बारा महिन्यांनी, मग दर वर्षी, बरं वाटत असलं तरी.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नागपूर लांब आहे अन् रात्री बेरात्री आपण तालुक्यालाच नेणार. सारख्या उलट्या होत असतील, काहीच पोटात राहत नसेल, तर थायामिन म्हणजे बी-१ झपाट्यानं संपते, अन् मग तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, माणूस बरळणं सुरू होते, उशीर झाला तर मेंदूचं कायमचं नुकसान होते. अशा पेशंटला नुसती ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी थायामिन द्यावं लागते. बायपासनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी पण पोटात मुरडून जोरात दुखायला लागलं, येऊन जाऊन दुखत राहिलं, तर आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकते, ते गॅसच्या गोळीवर झोपवून ठेवायचं नाही, सीटी स्कॅन अन् सर्जन असलेल्या ठिकाणी न्यायचं. ताप, छातीत धडधड, काळी शौचाला होणं, एकाच पायाला सूज, यापैकी काही दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही.

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला या ऑपरेशनचे पेशंट रोज दिसत नाहीत, म्हणून एक कागद कायम फाईलच्या वर ठेवा. त्यावर कोणतं ऑपरेशन, पहिलं अन् दुसरं, तारखा, सर्जनचा नंबर, चालू औषधं, अन् खाली मोठ्या अक्षरात तीन ओळी: डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेन नको, उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायामिन, सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून पोटात नळी नको. आमच्याकडं तो कागद लॅमिनेट केलेला आहे, एक फोटो पुतण्याच्या मोबाईलमध्ये, एक माझ्या, अन् एक झेरॉक्स गावातल्या आशाताईंकडे दिलेली आहे.